पती-पत्नी आणि प्राप्तिकर : सवलतींची वाटणी कशी करावी?

जानेवारी उजाडला की कार्यालयाच्या लेखा विभागाकडून गुंतवणुकीचे पुरावे सादर करण्याची सूचना येते आणि घरोघरी कागदपत्रांची शोधाशोध सुरू होते. विम्याच्या पावत्या, मुलांच्या शाळेच्या शुल्काच्या पावत्या, बँकेचा गृहकर्जाचा दाखला हे सारे जमवून पती आपल्या कार्यालयात देतो आणि पत्नी आपल्या कार्यालयात. एकाच घरातील हे दोन करदाते आपापला हिशेब स्वतंत्रपणे उरकतात. दोघांचे आकडे एका कागदावर मांडून पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. दुसरीकडे, ज्या घरात एकच जण कमावतो तेथे ‘पैसे बायकोच्या नावावर ठेवा, कर लागणार नाही’ हा सल्ला शेजारीपाजारी सहज ऐकू येतो. पहिल्या प्रकारात हक्काची सवलत वाया जाते. दुसऱ्या प्रकारात नसलेली सवलत घेतली जाते आणि काही वर्षांनी नोटीस हाती पडते. या दोन्ही चुका टाळायच्या असतील, तर पती-पत्नींकडे कायदा कोणत्या दृष्टीने पाहतो हे आधी समजून घ्यावे लागेल.

संसार एक, करदाते दोन

भारतीय प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने पती आणि पत्नी हे दोन स्वतंत्र करदाते आहेत. दोघांचा पॅन वेगळा, विवरणपत्र वेगळे आणि करमुक्त उत्पन्नाची मर्यादाही वेगळी. अमेरिकेत दांपत्याला संयुक्त विवरणपत्र भरता येते. ब्रिटनमध्ये अल्प उत्पन्न असलेल्या जोडीदाराला आपल्या करमुक्त मर्यादेपैकी १,२६० पौंड दुसऱ्याकडे वर्ग करता येतात आणि त्यातून वर्षाला २५२ पौंडांपर्यंत कर वाचतो. आपल्याकडे अशी सोय नाही. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वी दांपत्यांसाठी संयुक्त विवरणपत्राचा पर्याय सुचविला होता, मात्र त्या अर्थसंकल्पात तशी तरतूद झाली नाही.

महिलांना करमुक्त उत्पन्नाची मर्यादा अधिक असते, असा समजही अद्याप आढळतो. एके काळी तो खरा होता. २०१२-१३ या आर्थिक वर्षापासून हा फरक संपुष्टात आला आणि आज स्त्री व पुरुष दोघांनाही सारखेच टप्पे लागू आहेत.

या व्यवस्थेचा परिणाम किती मोठा आहे, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करमाफी मिळते. पगारदाराला ७५ हजार रुपयांची प्रमाणित वजावट धरता १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. ज्या घरात पती आणि पत्नी दोघेही प्रत्येकी १२ लाख ७५ हजार कमावतात, त्या घराचे एकूण उत्पन्न साडेपंचवीस लाख होते आणि कर शून्य. तेच साडेपंचवीस लाख एकट्याने कमावले, तर उपकरासह ३ लाख ३५ हजार ४०० रुपये कर भरावा लागतो. घर तेवढेच, माणसे तेवढीच, खर्चही तेवढाच; परंतु जोडीदाराची न वापरलेली मर्यादा दुसऱ्याला उसनी घेता येत नाही.

म्हणूनच उत्पन्न देणारी मालमत्ता मुळात कोणाच्या मालकीची असावी, हा प्रश्न आज कर वाचविण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरला आहे.

भेट करमुक्त, भेटीवरील उत्पन्न नव्हे

येथेच सर्वाधिक गैरसमज आहे. पतीने पत्नीला कितीही रक्कम भेट दिली, तरी त्या भेटीवर तिला कर लागत नाही. पण त्या रकमेतून जे उत्पन्न होईल ते पतीच्याच उत्पन्नात मिळविले जाते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ६४ मध्ये ही तरतूद होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी हे तत्त्व कायम आहे. करसल्लागार यालाच ‘क्लबिंग’ म्हणतात. पत्नीने पतीला दिलेल्या भेटीलाही हाच नियम लागतो.

समजा, पतीने पत्नीच्या नावे १० लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली आणि तिच्यावर ७ टक्के दराने ७० हजार रुपये व्याज मिळाले. बँक पत्नीच्या पॅनवर नोंद करील, व्याज पत्नीच्या खात्यात जमा होईल. तरीही हे ७० हजार रुपये पतीच्या विवरणपत्रात दाखवावे लागतील. मात्र ते ७० हजार पत्नीने पुन्हा गुंतविले, तर त्यावर मिळणारे सुमारे ४,९०० रुपयांचे व्याज तिचे स्वतःचे मानले जाते. एकत्रीकरण मूळ रकमेवरील उत्पन्नापुरते असते, उत्पन्नाच्या उत्पन्नाला ते लागत नाही. दीर्घ मुदतीत हा फरक लक्षणीय ठरतो. त्यासाठी मूळ रक्कम आणि तिच्यावरील व्याज यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत.

आपण एकमेकांच्या पत्नीला भेट द्यायची, अशी देवाणघेवाण दोन भावांनी केली तरी कायदा फसत नाही. अशा उलटसुलट व्यवहारांमागील खरा हेतू पाहिला जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच स्पष्ट केले आहे. अज्ञान मुलांच्या नावे ठेवी ठेवूनही फारसे साधत नाही. त्यांचे व्याज आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळविले जाते.

नियमाला मान्य अपवाद

विवाहापूर्वी दिलेली भेट हा पहिला अपवाद. मालमत्ता देण्याच्या वेळी आणि उत्पन्न होण्याच्या वेळी, अशा दोन्ही वेळी पती-पत्नीचे नाते असेल तरच एकत्रीकरण होते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिला. वाग्दत्त वधूला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न म्हणूनच पतीच्या उत्पन्नात येत नाही. येथे एक सावधगिरी हवी. विवाहापूर्वी वाग्दत्त वधू कायद्याने नातेवाईक नसते. त्यामुळे वर्षाला ५० हजार रुपयांहून अधिक रकमेची भेट तिच्या हाती करपात्र ठरू शकते.

दुसरा अपवाद योग्य मोबदल्याचा. पतीने पत्नीला भेटीऐवजी वाजवी व्याजाने कर्ज दिले आणि तिने ते व्याज खरोखर चुकते केले, तर गुंतवणुकीचे उत्पन्न पत्नीचे राहते. पतीला मिळालेल्या व्याजावर तो कर भरतो. यासाठी लेखी करार आणि बँकेमार्फत परतफेड आवश्यक आहे. व्याज केवळ कागदावर दाखविले, तर या व्यवहाराला अर्थ उरत नाही.

तिसरा अपवाद गृहिणींच्या जिव्हाळ्याचा आहे. घरखर्चासाठी मिळालेल्या रकमेतून काटकसरीने शिल्लक टाकलेल्या पैशावरील उत्पन्न पत्नीचे मानावे, अशी भूमिका नागपूर उच्च न्यायालयाने १९५६ च्या एका निकालात घेतली होती. डब्यात साठविलेल्या पैशांना मिळालेली ही न्यायालयीन मान्यता म्हणता येईल. अर्थात, ती शिल्लक घरखर्चाच्या मानाने वाजवी हवी. महिन्याला लाखाची ‘काटकसर’ कोणताही अधिकारी मान्य करणार नाही.

पत्नीचे स्त्रीधन, तिच्या माहेरून मिळालेली भेट वा वारसा आणि तिची स्वतःची कमाई यांचा पतीच्या उत्पन्नाशी संबंध नाही. अनेक घरांत पत्नीला माहेरून मिळालेली रक्कम पतीच्या खात्यात जमा होते आणि काही वर्षांनी ती कोणाची हे सांगता येत नाही. ती तिच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे हे करबचतीचे सर्वांत सोपे पाऊल आहे.

खर्च एकाच्या पगारातून, बचत दुसऱ्याच्या

दोघेही कमावत असतील, तर कायद्याच्या पूर्ण चौकटीत राहून करता येण्याजोगा एक उपाय आहे. ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या पगारातून घरखर्च चालवावा आणि ज्याचे उत्पन्न कमी, त्याच्या पगारातून गुंतवणूक करावी. वाणसामान, वीजबिल, मुलांचे शुल्क, घराचे भाडे हे खर्च पतीने केले म्हणून पत्नीकडे कोणतीही मालमत्ता हस्तांतरित होत नाही. तिची गुंतवणूक तिच्याच कमाईची राहते आणि क्लबिंगचा प्रश्न उद्भवत नाही.

आकडे पाहू. पतीचा वार्षिक पगार १८ लाख आणि पत्नीचा १० लाख आहे. दोघेही नव्या करप्रणालीत आहेत आणि घरात २० लाखांच्या मुदत ठेवी आहेत. त्यांचे वार्षिक व्याज १ लाख ४० हजार. या ठेवी पतीच्या बचतीतून झाल्या असतील, तर व्याजासह त्याचे करपात्र उत्पन्न १८ लाख ६५ हजार होते आणि कर उपकरासह १ लाख ७९ हजार ९२० रुपये. त्याच ठेवी पत्नीच्या पगारातून उभ्या राहिल्या असतील, तर पतीचा कर १ लाख ५० हजार ८०० वर येतो. पत्नीचे करपात्र उत्पन्न व्याजासह १० लाख ६५ हजार होते, म्हणजे १२ लाखांच्या आत, आणि तिला कर लागत नाही. दरवर्षी २९ हजार १२० रुपये वाचले आणि त्यासाठी कोणतीही पळवाट शोधावी लागली नाही.

संयुक्त ठेवीविषयी एक खुलासा येथे आवश्यक आहे. बँक पहिल्या नावाच्या पॅनवर करकपात करते. मात्र व्याज कोणाचे, हे पैसा कोणाचा होता यावर ठरते. पहिले नाव बदलल्याने मालकी बदलत नाही.

शेअर आणि समभागाधारित म्युच्युअल फंडांबाबतही दोघांची स्वतंत्र मर्यादा उपयोगी पडते. एका वर्षात १ लाख २५ हजार रुपयांपर्यंतच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर प्रत्येक करदात्याला कर नाही. त्यापुढील नफ्यावर साडेबारा टक्के दराने कर आहे. दोघांनी आपापल्या पैशातून गुंतवणूक केली असेल, तर घराला अडीच लाखांचा लाभ मिळतो. १२ लाखांपर्यंतची करमाफी मात्र विशेष दराने कर लागणाऱ्या अशा नफ्याला लागू होत नाही, हे विसरू नये.

जुनी की नवी? निर्णय प्रत्येकाचा

करप्रणालीची निवड दांपत्याने मिळून एकच करायची नसते. पती जुन्या आणि पत्नी नव्या प्रणालीत राहू शकते. पगारदारांना हा निर्णय दरवर्षी बदलता येतो. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्यांना मात्र नवी प्रणाली सोडून पुन्हा तिच्यात परतण्याची संधी एकदाच मिळते.

कलम ८० सी ची दीड लाखाची वजावट, आरोग्यविमा, राहत्या घराच्या कर्जाचे व्याज, घरभाडे भत्ता या परिचित सवलती जुन्या प्रणालीतच आहेत. त्यासाठी ती निवडावी काय? २५ लाख पगार असलेल्याला प्रमाणित वजावटीखेरीज सुमारे आठ लाख रुपयांच्या वजावटी असतील तरच जुनी प्रणाली नव्या प्रणालीच्या बरोबरीला येते. दीड लाखाची गुंतवणूक, दोन लाख गृहकर्जाचे व्याज, ५० हजार राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आणि ७५ हजार आरोग्यविमा मिळून पावणेपाच लाखच होतात. मोठा घरभाडे भत्ता नसेल, तर हे गणित जुळत नाही. वजावटींची वाटणी करण्यापूर्वी हा हिशेब दोघांनीही स्वतंत्रपणे करावा. जो जोडीदार नव्या प्रणालीत आहे, त्याच्या नावे दाखविलेली ८० सी ची गुंतवणूक कराच्या दृष्टीने वाया जाते.

वजावटी कोणी घ्याव्यात?

एक वा दोघेही जुन्या प्रणालीत असतील, तर पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

गृहकर्ज : राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट प्रत्येकी कमाल २ लाख रुपये आहे. वर्षाचे व्याज ३ लाख ६० हजार असेल आणि कर्ज एकाच्याच नावे असेल, तर १ लाख ६० हजारांची वजावट हातची जाते. दोघे सहमालक आणि सहकर्जदार असतील व हप्ताही निम्मा-निम्मा भरत असतील, तर प्रत्येकी १ लाख ८० हजारांची वजावट मिळते. नुसते सहकर्जदार असून भागत नाही. करारनाम्यात मालक म्हणून नाव हवे आणि हप्ता आपल्या खात्यातून गेलेला हवा. महाराष्ट्रात केवळ महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत २०२१ पासून आहे. ती आणि संयुक्त मालकीचा करलाभ यांची तुलना करारापूर्वीच करावी.

भाड्याने दिलेले घर : सहमालकांचे हिस्से निश्चित असतील, तर भाडे त्याच प्रमाणात दोघांच्या उत्पन्नात विभागले जाते. हे नव्या प्रणालीतही लागू आहे. पतीने सर्व पैसे घालून पत्नीला अर्धी मालकी दिली असेल, तर मात्र तिच्या हिश्श्याचे भाडेही पतीचेच धरले जाईल.

आयुर्विमा व पीपीएफ : जोडीदाराच्या विम्याचा हप्ता किंवा त्याच्या पीपीएफ खात्यातील भरणा जो करतो, त्याला ८० सी ची वजावट मिळते. पीपीएफचे व्याज करमुक्त असल्याने पतीने पत्नीच्या खात्यात भरणा केला, तरी एकत्रीकरणामुळे करभार वाढत नाही. करबचतीचे म्युच्युअल फंड आणि पाच वर्षांची मुदत ठेव यांत मात्र गुंतवणूक स्वतःच्या नावेच हवी.

आरोग्यविमा : स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले यांच्या हप्त्यासाठी २५ हजार आणि आईवडिलांसाठी आणखी २५ हजार रुपये. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा ५० हजार आहे. सासूसासऱ्यांच्या हप्त्याची वजावट मिळत नाही. त्यामुळे पतीने आपल्या आणि पत्नीने आपल्या आईवडिलांचा हप्ता भरणे इष्ट. रोखीने भरलेला हप्ता धरला जात नाही.

शाळेचे शुल्क व शैक्षणिक कर्ज : प्रत्येक पालकाला दोन मुलांच्या शिक्षण शुल्काची वजावट मिळते. ज्याने जेवढे भरले तेवढे त्याने दाखवावे, एकच पावती दोघांनी दाखवू नये. शैक्षणिक कर्ज ज्याच्या नावे आहे आणि जो फेडतो, त्याला व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. जोडीदाराच्या वा मुलांच्या उच्च शिक्षणासाठीही हे कर्ज काढता येते.

व्यवसायात पत्नीला वेतन

डॉक्टर, वकील, दुकानदार यांच्या व्यवसायात पत्नी खरोखर काम करीत असेल, तर तिला वेतन देणे रास्तच आहे. परंतु ज्या संस्थेत पतीचा मोठा हिस्सा आहे, तेथे पत्नीकडे त्या कामाची तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता नसेल, तर ते वेतन पतीच्या उत्पन्नात मिळविले जाऊ शकते. शिवाय वेतन कामाच्या मानाने वाजवी हवे. हजेरी, कामाचे स्वरूप आणि बँकेतून झालेले प्रदान यांची नोंद ठेवावी.

गोव्याचा वेगळा न्याय

पती-पत्नीचे उत्पन्न निम्मे-निम्मे वाटण्याची मुभा भारतात मुळीच नाही, असे मात्र नाही. गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली येथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली सामाईक मालमत्तेची पद्धत ज्यांना लागू आहे, अशा दांपत्यांसाठी १९९४ च्या वित्त कायद्याने कलम ५ अ आणले आणि ते १ एप्रिल १९६३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केले. त्यानुसार घरभाडे, व्यवसाय, भांडवली नफा, व्याज आदी उत्पन्न दोघांत समसमान विभागले जाते. पगार मात्र ज्याने मिळविला त्याचाच राहतो.

गोव्यातील अशा दुकानदाराला २० लाखांचा नफा झाला, तर त्याचे १० लाख आणि पत्नीचे १० लाख धरले जातात. अन्य उत्पन्न नसेल, तर नव्या प्रणालीत दोघांनाही कर नाही. सावंतवाडीतील दुकानदाराला तेवढ्याच नफ्यावर उपकरासह २ लाख ८ हजार रुपये भरावे लागतात. गोव्यात नुसते राहायला जाऊन हा लाभ मिळत नाही. तो तेथील वैवाहिक मालमत्तेच्या कायद्याशी निगडित आहे आणि त्या कायद्यानुसार पत्नी खरोखरच अर्ध्या मालमत्तेची मालक असते. तेथे कराची वाटणी मालकीच्या वाटणीमागून आली आहे.

कागद आणि विश्वास

आता मुदत ठेवी, म्युच्युअल फंड, मालमत्तेचे व्यवहार यांची माहिती प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात आपोआप जमा होते. उत्पन्न कमी दाखविल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के, तर चुकीची माहिती दिल्यास २०० टक्के दंडाची तरतूद आहे. म्हणून प्रत्येक गुंतवणुकीचा पैसा कोठून आला, हे सांगणारा बँकेचा उतारा जपून ठेवावा. मोठ्या रकमेचा व्यवहार असेल, तर आधी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

अखेरीस एक गोष्ट कराच्या पलीकडची. कर वाचविण्यासाठी पत्नीच्या नावे खाते उघडले जाते, पण त्याचे पासबुक, पासवर्ड आणि निर्णय पतीच्याच हाती राहतात, हे चित्र सुशिक्षित घरांतही दिसते. असे खाते कायद्यापुढे टिकत नाही आणि संकटाच्या वेळी पत्नीच्याही उपयोगी पडत नाही. याउलट, जी मालमत्ता खरोखर तिची आहे, तिच्या कमाईतून वा वारशातून आली आहे आणि जिचे व्यवहार तिला ठाऊक आहेत, ती मालमत्ता करही वाचविते आणि आधारही देते. यंदा पुरावे सादर करण्यापूर्वी एका संध्याकाळी पती-पत्नींनी दोघांचे कागद एकत्र मांडून बसावे. कोणाच्या नावे काय आहे, कोणी काय भरले आणि कोणाला कोणती प्रणाली हितावह, या तीन प्रश्नांची उत्तरे दोघांनाही ठाऊक झाली, तर करबचतीचे निम्मे काम तेथेच होईल.